डिटेक्टिव्ह डुलके जागे होतात

१

ठाण्यातल्या एका सभागृहात सकाळी साडेदहा वाजता प्रमोदिनीबाई वझ्यांनी पाकिटाची सुतळी सोडली, आतला पिवळा पडलेला बटर पेपर उलगडला आणि निघालेली वस्तू दोन्ही हातांनी उजेडात धरली. टाळ्या वाजवायला जमलेल्या चाळीसेक मंडळींचे हात हवेतच राहिले. वस्तूतून पलीकडचं सगळं लख्ख दिसत होतं.

पलीकडे तीन माणसं उभी होती. प्रमोदिनीबाईंचा मुलगा सौमित्र, प्रदर्शनाचा आयोजक संदेश कारखानीस आणि घडीची नऊवारी मोडून आलेली तुळसाबाई भोईर. तिघांचे चेहरे त्या पारदर्शक शीटमधून फ्रेम करून लावल्यासारखे दिसत होते. शीटवर मात्र काही म्हणजे काही नव्हतं. वरच्या कडेला तीन भोकं, मधलं गोल आणि बाजूची दोन चपटी. बाकी शीट धुतल्या तांदळासारखी.

पहिल्या रांगेत बसलेल्या हरिहर साठ्यांना वाटलं, आपला चष्मा गेला. त्यांनी तो पुसून पुन्हा लावला. चष्मा जागेवर होता. डुलके गेले होते.

डिटेक्टिव्ह डुलके कोण, हे ज्यांचं वय पंचेचाळिसाच्या खाली आहे त्यांना सांगावं लागेल. चाळीस वर्षांपूर्वी, देशात एकच चॅनल होतं आणि तेही मधूनमधून, तेव्हा तेरा रविवार डुलके टीव्हीवर आले. कार्टून मालिका, कृष्णधवल, बनवलेली डोंबिवलीत, पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत. गोल पोट, काखेत छत्री, डोक्यावर माकडटोपी, डोळे कायम मिटलेले. डुलके प्रत्येक भागात आधी चुकीच्या माणसाला पकडायचे, मग खुर्चीत बसून घोरायचे आणि जागे न होताच खरा चोर सांगायचे. त्यांचं एक वाक्य तेव्हा शाळाशाळांतून मार खाऊन मोठं झालं होतं: "गुन्हेगार याच खोलीत आहे. खोली कोणती, एवढंच शोधायचं बाकी आहे."

कार्टूनची एकेक हालचाल पारदर्शक शीटवर रंगवायची, तिचा फोटो घ्यायचा. शीट महाग आणि परदेशी. म्हणून मालक त्र्यंबक वझ्यांनी सोपा मार्ग काढला होता: फोटो झाला की शीट धुवायची आणि तिच्यावरच पुढचं चित्र. हजारो डुलके असे बादलीत विरघळले. राहिली एकच शीट, तेराव्या भागातली अगदी शेवटची, जिच्यात डुलके पहिल्यांदा डोळे उघडतात. ती त्र्यंबकरावांनी स्वतः बांधून ट्रंकेत ठेवली आणि बायकोला सांगितलं की कुणी डुलक्यांची आठवण काढली तरच सोड. चाळीस वर्षं वझ्यांच्या दारी येऊन कुणी ती काढली नाही. त्र्यंबकराव गेले, गिरणी गेली. मग गेल्या महिन्यात संदेश कारखानीसने काढली.

सभागृहात पहिला बोलला सौमित्र.

"ही तर धुतलीये कोणीतरी," तो म्हणाला.

आणि चाळीस माना एकदम तुळसाबाईंकडे वळल्या. कारण त्या गिरणीमागच्या खोलीत शीटा धुण्याचं काम ज्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे होतं, ती मुलगी म्हणजे तुळसाबाई.

२

संदेश कारखानीस कल्याणला ॲनिमेशनची संस्था चालवायचा. पन्नाशीचा, गोड बोलणारा, खांद्यावर कायम शबनम पिशवी. वाईट बातमीही तो वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखी द्यायचा. तुळसामावशींवर आपला मुळीच संशय नाही, असं त्याने माईकवरून सांगितलं, त्यामुळे ज्यांचा नव्हता त्यांनाही आला. मग त्याने हकिगत मांडली. काल संध्याकाळी सौमित्रने डोंबिवलीहून गाडीने पाकीट आणून दिलं. ते आपण मेकअप रूमच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. आज सकाळी आठ वाजता तुळसामावशींना त्यांचे जुने ब्रश त्याच कपाटात ठेवायचे होते, म्हणून किल्ली त्यांना दिली. दहापर्यंत त्या तिथे एकट्या होत्या.

"संध्याकाळी सहाला प्रमुख पाहुणे येतील," तो म्हणाला. "तोवर शीट मिळाली तर उत्तम. नाही तर मला नाइलाजाने पोलिसात अर्ज द्यावा लागेल. मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तुळसाबाईंनी मनाला लावून घेतलं नाही. त्या सरळ खुर्चीत बसल्या आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. ते हात आता कल्याणच्या एका कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते. कारखान्यात मूर्ती कोणीही रंगवी, सोंडेला हात कोणीही लावी, पण डोळे तुळसाबाईंचे. तीस वर्षांत एकाही गणपतीने तिरकं पाहिल्याची तक्रार नव्हती.

"मना धुवाया सांगितला, मी धुतला. त्याची लाज नाय," त्या हरिहरांना हळूच म्हणाल्या. "पन आज चोरीचा बोल लागला, तं उद्या देवाचे डोले कोन उघरू देल मना, भाऊ?"

हरिहरांकडे फक्त एक आवाज होता, तोही चाळीस वर्षांपूर्वीचा. डुलक्यांचा आवाज म्हणजे हरिहर साठ्ये. तेरा रविवार ते बोलले आणि पुढची चाळीस वर्षं डोंबिवलीत भाजी घेतानाही लोक त्यांच्याकडून ते वाक्य म्हणवून घेत राहिले. तुळसाबाईंना कोणी काही म्हणायला सांगितलं नव्हतं. आजच्या निमंत्रणपत्रिकेत हरिहरांचं नाव ठळक होतं आणि तुळसाबाईंचं 'व इतर सहकारी' या तीन शब्दांच्या गर्दीत कुठेतरी उभं होतं.

प्रमोदिनीबाई काठी टेकत आल्या. वय ऐंशी, मराठी अजून शनिवार पेठेतलं.

"हरिहर, तुम्ही डुलके आहात ना? मग शोधा."

हरिहरांनी नम्रपणे सांगितलं की डुलके कार्टून होते. आपण एकतीस वर्षं रेल्वेच्या चौकशी खिडकीत बसलो, पण तिथेही चौकशी लोक करायचे, आपण नव्हे. शिवाय डुलक्यांनी स्वतःहून कधी काही शोधल्याचं आठवत नाही.

"तुळसा आमच्या घरी जेवलेली मुलगी आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "सहा वाजेपर्यंत वेळ आहे. आणि कृपा करून झोपू नका."

३

हरिहर निघाले ते थेट चुकीच्या माणसाकडे. त्याला परंपरा होती.

सौमित्र वझे घोडबंदर रोडला राहायचा आणि आईच्या डोंबिवलीच्या घरातल्या प्रत्येक वस्तूकडे ती विकल्यावर कशी दिसेल अशा नजरेने बघायचा. काल तो डोंबिवलीहून पाच वाजता निघाला होता आणि सभागृहात पोचला सव्वासातला. रस्ते खोदलेले होते हे धरूनही एक तास उरत होता. दाराशी बसणारा वॉचमन चांगदेव वहीत सगळं लिहायचा. कोण आलं, काय आत नेलं, काय बाहेर काढलं, एवढंच नाही तर कोणाचा चेहरा कसा होता तेही. सौमित्रच्या नावापुढे त्याने लिहिलं होतं: 'घाईत. डोक्याला रुमाल.'

त्या एका तासाबद्दल विचारल्यावर सौमित्रने आधी ट्रॅफिकचं नाव घेतलं, मग टायरचं, मग टेंभी नाक्यावर एक काम होतं म्हणाला. कसलं काम ते सांगेना. आणि तेव्हाच हरिहरांना त्याच्या उजव्या कानामागे ठसठशीत काळा डाग दिसला. चित्राच्या रेघा काळ्या शाईच्या असतात, एवढं हरिहरांना ठाऊक होतं. शीट पुसताना हात शाईत भरला, हात कानामागे गेला. सत्तराव्या वर्षी आपल्या हातून एक रहस्य उलगडतंय, या आनंदात त्यांनी तो डाग सगळ्यांसमोर बोट दाखवून जाहीर केला.

सौमित्र लाल झाला. मग मान खाली घालून त्याने सांगितलं की टेंभी नाक्यावर एक सलून आहे, आज फोटो निघणार होते, आणि डाय सुकायला तासभर लागतो.

सभागृह हसलं. पोटभर, चाळीस वर्षांपूर्वी हसायचं तसं. कोणीतरी मागून डुलक्यांचं वाक्यही म्हटलं. हरिहरही कसनुसे हसले. फक्त तुळसाबाई हसल्या नाहीत. घड्याळात बारा वाजत आले होते.

४

संदेशने मात्र हरिहरांची थट्टा केली नाही. उलट त्यांना स्वतःच्या दालनात नेऊन चहा दिला. दालन म्हणजे सभागृहाचा उजवा कोपरा. तिथे त्याच्या संस्थेने जुनी कार्टून कशी बनत याचं प्रात्यक्षिक मांडलं होतं. खालून दिवा लागणारं काचेचं टेबल, टेबलावर धातूच्या तीन खुंट्यांची पट्टी आणि त्या खुंट्यांत अडकवलेली कागदांची नि शीटांची जाड चवड. आलेल्या मुलांनी वरच्या कागदावर चित्र काढून बघावं अशी सोय होती. बाजूच्या फलकावर सगळी माहिती होती, जुना रंग वाकवला तर तडकतो हेसुद्धा. मागे भिंतीवर मोठं पोस्टर होतं: 'डुलक्यांचे एकमेव जनक त्र्यंबक वझे, आणि त्यांची परंपरा पुढे नेणारे संदेश कारखानीस.' मुंबईची एक कंपनी डुलक्यांवर नवा सिनेमा काढणार होती, त्या करारावर पुढच्या आठवड्यात सह्या व्हायच्या होत्या.

हरिहरांनी विचारलं की त्र्यंबकरावांची नि तुझी भेट कधी झाली होती. झाली नव्हती, संदेश म्हणाला. आपण एकलव्य. गिरणीमागची ती खोलीसुद्धा आपण पाहिलेली नाही, पाडल्यावर कळलं.

"लहानपणी तेरा रविवार मी जेवलो नाही, काका. वाटलं होतं, मरायच्या आधी एकदा ती पोपटी टोपी आणि ते उघडे डोळे समोर बघायला मिळतील. धुऊन टाकलं मावशींनी सगळं."

हरिहर त्याच्या खांद्यावर थोपटून उठले. माणूस दुःखात होता, आणि चहा चांगला होता. दारातल्या सहा फुटी प्लायवूडच्या डुलक्यांना वळसा घालून ते बाहेर आले. कटआउटवाल्याने टोपी लालभडक रंगवली होती. कृष्णधवल मालिका, रंग कोणाला माहीत? लाल डबा उघडा होता, म्हणून लाल.

तुळसाबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. हरिहर शेजारी बसले आणि कोणताही संशय न घेता नुसतंच विचारलं की त्या खोलीत कसं काम चालायचं. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा, कारण तुळसाबाई आधी थांबल्या आणि मग थांबेचनात.

चित्र जागचं हलू नये म्हणून शीट खुंटीला अडकवावी लागते. खुंट्या परदेशातून मागवायच्या असतात हे त्र्यंबकरावांनी पुस्तकात वाचलं होतं आणि पुस्तक मिटून ठेवलं होतं. ते सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी कचेरीतला फाइलला भोकं पाडायचा पंच घरी आणला, गिरणीतल्या फळीवर दोन खिळे ठोकले, झालं. तेरा भाग त्या दोन खिळ्यांवर उभे राहिले. पंच कचेरीत परत गेला नाही. तो अजून तुळसाबाईंकडे होता, त्यावर त्या बचत गटाच्या कागदांना भोकं पाडत. रंग मिळतील ते. फिल्म काळी-पांढरी, त्यात रंग दिसतोय कुणाला, फक्त छटा बरोबर यायला हवी. डुलक्यांच्या टोपीला गिरणीच्या दाराला लावून उरलेला पोपटी पुरला. हे त्र्यंबकरावांना ठाऊक, तुळसाबाईंना ठाऊक, आणि बादलीला.

आणि डुलके? डुलके म्हणजे तुळसाबाईंचा बाप. मिठागरावर राखणीला बसायचा, माकडटोपी नि छत्री घेऊन, आणि बसल्या बसल्या डुलक्या काढायचा. चोर आला की मात्र डोळे न उघडता नाव घेऊन हाक मारायचा. धुतलेल्या शीटेवर एकदा दुपारी तिने त्याला काढला होता, सहज. वझेशेठ मागे येऊन उभे राहिले होते.

हरिहरांच्या ध्यानात आलं: चाळीस वर्षं आपण ज्या आवाजावर टाळ्या घेतल्या, तो एका आगरी माणसाच्या घोरण्यावर उभा होता.

"हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोनी इचारला नाय," तुळसाबाई म्हणाल्या.

५

दुपारी जेवणाचे डबे आले. बटाट्याची भाजी, पुरी, मसालेभात, जिलबी. समितीने गुन्हा आणि जेवण यांची गल्लत होऊ दिली नाही.

तीन वाजता संदेशने अर्ज टाइप करून घेतला. त्यात तुळसाबाईंचं पूर्ण नाव, पत्ता आणि कारखान्याचा पत्ताही होता. कागद सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवून त्यावर पेपरवेट ठेवलं. कारखान्यातून फोन आला. तुळसाबाईंनी फोन घेतला, "बरं" म्हणाल्या आणि ठेवला. उद्या कामाला येऊ नका, नंतर कळवतो, असं साईनाथ शेठने सांगितलं होतं. गणपती दीड महिन्यावर आले होते.

हरिहर खुर्चीत बसले. मांडीवर त्यांची फाइल होती. डुलक्यांची जुनी कात्रणं, संवादांचे कागद, सगळं तारखेवार लावलेलं. चौकशी खिडकीची सवय. आपण विचार करतो आहोत अशी त्यांची समजूत होती. मसालेभाताची समजूत वेगळी होती. साडेतीनला त्यांची मान पुढे आली, पावणेचारला तोंड उघडलं आणि चार वाजता सभागृहातल्या सर्वांनी ते घोरणं ओळखलं. ते तेराही भागांत होतं.

मान खाली गेली आणि चष्मा नाकावरून घसरून फाइलवर पडला. त्या आवाजाने हरिहरांनी डोळे उघडले. समोर, अगदी नाकाशी, त्यांच्या कात्रणाची कड होती. कडेला फाइलची दोन भोकं. दोन, गोल.

मग त्यांनी सकाळी निघालेली कोरी शीट मागवली आणि वरच्या कडेवरून बोट फिरवलं. एक चपटं, एक गोल, एक चपटं.

"वहिनी," ते प्रमोदिनीबाईंना म्हणाले, "सगळ्यांना बोलवा. आणि चांगदेवला त्याची वही घेऊन यायला सांगा."

६

साडेपाच वाजले होते. सगळे गोल करून बसले. हरिहर मधोमध उभे राहिले, घसा साफ केला आणि चाळीस वर्षांनी, कोणी न सांगता, तो आवाज काढला.

"गुन्हेगार याच खोलीत आहे."

पुढचं वाक्य अख्ख्या सभागृहाने पूर्ण केलं. हशा ओसरू देऊन हरिहर आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले की खोलीही सापडली आहे.

ही शीट धुतलेली नाही, त्यांनी सांगितलं. ही कधी रंगवलेलीच नाही. डुलक्यांची प्रत्येक शीट कचेरीच्या पंचने भोसकलेली होती, दोन गोल भोकं, फळीवरच्या दोन खिळ्यांसाठी. तुळसाबाईंनी तो पंच घरून आपल्या मुलाकडून मागवून घेतला होता. हरिहरांनी तो वर धरून दाखवला. सरकारी मालमत्तेचा नंबर अजून त्यावर होता. पाकिटातून निघालेल्या शीटला तीन भोकं आहेत. म्हणजे खरी शीट काढून तिच्या जागी ही ठेवली गेली. तुळसाबाईंना ठेवायची असती तर त्यांनी दोन भोकांची ठेवली असती, तीन भोकांची शीट त्यांनी जन्मात वापरली नाही. सौमित्रच्या घरी शीट कशी असते हेच कोणाला माहीत नाही, तिथे फक्त डाय असतो. तीन भोकं ही शिकलेल्या माणसाची चूक आहे. पुस्तकात तीनच असतात. ज्याला सगळं माहीत आहे, पण ती गिरणीमागची खोली माहीत नाही, असा माणूसच ही चूक करील.

सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या तीन खुंट्यांच्या पट्टीकडे गेल्या.

संदेश हसला. अशी शीट कल्याणच्या कोणत्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळते, तो म्हणाला, माझ्या वर्गातून कोणीही उचलू शकतो.

"खरं आहे," हरिहर म्हणाले. "मग टोपीचा रंग सांग."

"कुठल्या टोपीचा?"

"डुलक्यांच्या. मघाशी चहा पिताना तू मला सांगितलास. पोपटी. मालिका काळी-पांढरी, दारातला पुतळा लाल. मी तेरा भाग बोललो, मला आजवर ठाऊक नव्हता. दोनच माणसांना माहीत होता. एक वारलं, एक पायरीवर बसलं होतं. तिसऱ्याला कळायचं तर पाकीट सोडूनच."

संदेशची नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे जाऊन परत आली.

आता शीट कुठे, एवढंच उरलं होतं. हरिहरांनी चांगदेवला वही वाचायला लावली. काल संध्याकाळपासून सभागृहातून बाहेर काय गेलं? चांगदेवने खणखणीत वाचलं: कारखानीससाहेब, हाती शबनम, चेहरा पडलेला, डबेवाला, हाती रिकामे डबे, बाकी काही नाही. चाळीस वर्षं जुना रंग वाकवला तर तडकतो, हरिहर म्हणाले, हे तुळसाबाईंनी सांगायची गरज नाही, संदेशनेच आपल्या फलकावर लिहिलंय. शबनममध्ये ती शीट मावत नाही. म्हणजे ती इथेच आहे, कुठेतरी आडवी, सपाट, आणि जिथे शंभर शीटांमध्ये एक शीट कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी. प्रदर्शन आवरताना टेबलासकट निघून जाईल अशी.

ते कोपऱ्यात गेले. खुंट्यांवरची ती जाड चवड त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि सरळ वर उचलली. कागद आणि शीटा तीन खुंट्यांमधून सटासट बाहेर आल्या, शिस्तीत, एका रांगेत. एक मात्र शिस्तीत नव्हती. तिला धरून ठेवायला खुंटीच नव्हती, कारण तिला दोनच भोकं होती. ती चवडीच्या मधून अलगद घसरली आणि दिव्याच्या काचेवर उताणी पडली.

खालून उजेड आला. पोपटी टोपी, गोल पोट, काखेत छत्री. आणि टक्क उघडे, मिस्कील, चाळीस वर्षं कोणी न पाहिलेले दोन डोळे.

मग प्रमोदिनीबाईंनी ती दोन्ही हातांनी उलटी केली. शीटवर रंग मागून लावतात; त्या सुकल्या रंगावर त्र्यंबकरावांच्या कारकुनी अक्षरात काळ्या शाईने लिहिलं होतं. प्रमोदिनीबाईंनी ते मोठ्याने वाचलं.

"डुलके. कल्पना, चेहरा, रंग: तुळसा भोईर. माझं फक्त दुकान. त्र्यंबक वझे."

७

संदेशने काही नाकारलं नाही. काल संध्याकाळी राहवलं नाही म्हणून पाकीट सोडलं, तो म्हणाला, नुसतं बघायला. मागचं अक्षर दिसलं. कंपनीला त्याने आधीच लिहून दिलं होतं की डुलके एकट्या त्र्यंबकरावांचे. आज सगळ्यांसमोर ती शीट उघडली असती तर करार गेला असता, संस्था गेली असती, एकलव्य गेला असता. अक्षर खरवडावं तर चित्र गेलं असतं.

"फाडून टाकणार होतो, काका. दोनदा हातात घेतली. नाही फाडवली."

"तेवढं तुझ्या बाजूने आहे," हरिहर म्हणाले. "बाकी काही नाही."

प्रमोदिनीबाईंनी टेबलावरचा टाइप केलेला अर्ज उचलला, पेन मागितलं आणि तुळसाबाईंच्या नावावर रेघ मारली. वर संदेशचं नाव लिहायला त्यांनी हात टेकला, तेव्हा तुळसाबाई उठल्या.

"ऱ्हाऊ दे वैनी. कागुद फाडा. पन त्या भिताडावं माझा नाव लिवाया सांगा. त्याच्याच हातानं."

म्हणून पावणेसहा वाजता ॲनिमेशन संस्थेचे संचालक संदेश कारखानीस स्टुलावर चढले आणि 'एकमेव जनक' या ओळीवर पांढरा रंग फासून त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'डुलक्यांच्या जननी, तुळसा भोईर.' खालची परंपरेची ओळही त्यांनी न सांगता पुसली. कंपनीला खरं काय ते कळवणारा मेल प्रमोदिनीबाईंनी शेजारी उभं राहून पाठवून घेतला, शुद्धलेखनासह. कारखान्यात फोन हरिहरांनी केला, डुलक्यांच्या आवाजात. साईनाथ शेठही त्या पिढीतले निघाले. त्यांनी माफी मागितली, उद्या सकाळी गाडी पाठवतो म्हणाले आणि मग ते वाक्य एकदा म्हणून दाखवाल का, असं विचारलं. हरिहरांनी म्हणून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा कंटाळा न येता.

तुळसाबाई तोवर दाराशी गेल्या होत्या. सहा फुटी कटआउटकडे त्यांनी मान तिरकी करून पाहिलं, मूर्तीकडे पाहतात तसं.

"यो कोनी रंगवला? टोपी बघा. आन झोपलाय अजून," त्या म्हणाल्या. "मना पोपटी द्या. आन बारीक ब्रश."

पोपटी रंगाचा डबा कुठून आला हे कोणालाच कळलं नाही, पण आला. सौमित्रने हातात धरला, आणि कानामागे नवा डाग पाडून घेतला. लाल टोपी बघता बघता पोपटी झाली.

सहा वाजता प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली. पाहुणे उतरले, मागे गुच्छ, मागे फोटोवाले. त्यांना चांगदेवने हात आडवा घालून फाटकातच अडवलं. आत तुळसाबाई डोळ्यांची आखणी करत होत्या, आणि डोळे उघडेपर्यंत मूर्तीसमोर कोणी यायचं नाही, अशी त्यांच्या कारखान्याची रीत. पाहुणे गुच्छ धरून उभे राहिले. फोटोवाले उभे राहिले. सभागृहातली सगळी मंडळी बाजूला, श्वास धरून उभी राहिली.

डावा डोळा झाला. उजव्याची शेवटची रेघ तुळसाबाईंनी एका दमात ओढली, ब्रश खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून बापाच्या नजरेला नजर दिली.

"आता येऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "उठलाय तो."

टाळ्या वाजल्या. सकाळपासून हवेत राहिलेल्या, एकदम सगळ्या. हरिहरांनीही वाजवल्या, उभं राहून, शेवटचा माणूस थांबेपर्यंत. मग ते खुर्चीत बसले, आणि भाषणं सुरू व्हायच्या आत झोपी गेले.